पानिपतच्या मैदानातले काळवीट

दिल्लीहून पहाटे निघाले, की नव्वद किलोमीटरवरचे पानिपत नाश्त्याच्या वेळेला येते. महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींचा तेथील कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. आधी काळा आंब. तेथील स्मारकापुढे हात जोडायचे, मुलांना १४ जानेवारी १७६१चा दिवस कसा गेला ते सांगायचे. मग इब्राहिम लोदीची कबर, बाबराची काबुली बाग मशीद, वेळ उरला तर बू अली शाह कलंदरांचा दर्गा. बाजारातून पचरंगा लोणच्याची बरणी आणि दोन-चार चादरी घ्यायच्या, की गाडी कुरुक्षेत्राच्या दिशेने सुटते. या धावपळीत ज्या मैदानासाठी इतके सगळे घडले ते मैदान मात्र कोणी पाहत नाही. पाहायला गेले तरी ते सापडत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिवाळ्यात गहू आणि पावसाळ्यात भात, मध्ये कालवे, बोअरवेल, गिरण्या आणि विटांच्या भट्ट्या.

लढाईच्या नकाशात पानिपत पुन्हा पुन्हा का येते, याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. उत्तरेला शिवालिकचे डोंगर, नैर्ऋत्येला राजस्थानचे वाळवंट, आणि या दोहोंमधून दिल्लीकडे जाणारी सपाट पट्टी. पूर्वेला यमुनेचे पाणी, घोड्यांना चारा आणि घोडदळाला दौडायला मोकळी जमीन. ज्या तीन गोष्टी सैन्याला हव्या होत्या, म्हणजे उघडे रान, आखूड गवत आणि जवळपास पाणी, त्याच तीन गोष्टी एका प्राण्यालाही हव्या असतात. तो प्राणी म्हणजे काळवीट. हरियाणा राज्याने त्याला राज्यप्राण्याचा मान दिला आहे. शेजारच्या पंजाबचाही राज्यप्राणी तोच.

आपल्याकडे सगळ्यांनाच सरसकट 'हरीण' म्हणायची पद्धत आहे. पण चितळ, सांबर ही सारंग कुळातली. त्यांच्या नरांची शिंगे फांद्या फुटलेली असतात आणि दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. काळवीट हे कुरंग, म्हणजे चिंकारा, नीलगाय आणि चौसिंगा यांच्या बाजूचे. कुरंगांच्या शिंगाला फांदी फुटत नाही आणि एकदा आलेले शिंग जन्मभर डोक्यावर राहते. आफ्रिकेत सहलीला गेलेले लोक मसाईमाराच्या गवतात हजारोंनी चरणारी, बाजूला काळा पट्टा असलेली लहानखुरी थॉमसन गॅझेल पाहून हरखून जातात आणि त्यांच्या उड्यांचे फोटो काढून आणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या स्प्रिंगबॉकचेही तसेच. हे दोन्ही प्राणी काळविटाचे भाऊबंद आहेत. त्यांचा भारतातला हा भाऊ रूपाने त्यांच्यापेक्षा काकणभर सरसच आहे, पण त्याचे कौतुक करायला विमानाचे तिकीट लागत नाही, म्हणून की काय, ते फारसे होत नाही.

काळविटाचा पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी जेमतेम अडीच फूट उंच असतो. वजन पस्तीस-चाळीस किलोच्या घरात. पाठ, मानेचा वरचा भाग आणि पायांची बाहेरची बाजू काळीभोर, पोट आणि पायांची आतली बाजू पांढरीशुभ्र, आणि डोळ्याभोवती पांढरे वर्तुळ. डोक्यावर मळसूत्रासारखी पीळदार, दीड-दोन फूट लांब शिंगे. मादी फिक्या तांबूस रंगाची, आणि तिला बहुधा शिंगे नसतात. नर जन्मतः काळा नसतो. लहानपणी तो आईसारखाच दिसतो आणि दोन-तीन वर्षांचा होता होता रंग गडद होत जातो. उत्तरेकडे तर पावसाळा सरता सरता तो काळा होतो आणि उन्हाळ्यात केस झडून पुन्हा तपकिरी दिसू लागतो. म्हणून मे महिन्यात पाहणाऱ्याला 'हे कसले काळवीट?' असे वाटले, तर त्यात काळविटाचा दोष नाही.

त्याचे सगळे शास्त्र डोळे आणि पाय या दोन गोष्टींवर चालते. दाट जंगल त्याला आवडत नाही, कारण तेथे दूरचे दिसत नाही. उंच गवतही नको. आखूड गवताच्या उघड्या माळावर कळप चरत असताना एखादी मादी मान वर करते, कान टवकारते, आणि धोका वाटला तर सरळ हवेत उंच उडी मारते. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. पाहता पाहता सबंध कळप लाह्या फुटाव्यात तसा उसळतो. या उड्या संपल्या, की खरी दौड सुरू होते. ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंतचा वेग काळवीट गाठू शकते, आणि लांबवर टिकवूही शकते. आज भारतात त्याच्या मागे लागणारे जे श्वापद आहे, म्हणजे लांडगा, त्याच्यापासून वाचायला इतक्या वेगाची गरज नाही. मग हा वेग आला कोठून? अभ्यासकांचे म्हणणे असे, की हा वेग चित्त्याने घडवला. हजारो पिढ्या चित्ता मागे धावला आणि काळवीट पुढे. देशातला चित्ता संपला, पण त्याच्यासाठी कमावलेले पाय काळविटाकडे राहिले.

नराचा तोरा

कळपात सगळ्यात पाहण्याजोगा असतो तो विणीच्या दिवसांतला नर. तो माळावरचा एक तुकडा आपला म्हणून ठरवतो. हद्द आखायची त्याची रीत साधी आहे. ठरावीक जागी लेंड्या टाकून ढीग करायचे आणि डोळ्यांपुढच्या ग्रंथीतला वासाचा स्राव गवताच्या काड्यांना, झुडपांना पुसायचा. मग नाक वर, शिंगे मागे पाठीवर टेकलेली आणि शेपटी वळलेली, अशा थाटात तो आपल्या हद्दीत फिरतो. लग्नघरातल्या वरबापाने मांडवात फेऱ्या माराव्यात, तसाच तो दिसतो. दुसरा नर हद्दीवर आला, की दोघे समांतर चालतात, एकमेकांना जोखतात. बहुतेक भांडणे येथेच मिटतात. मिटली नाहीत तर शिंगाला शिंग भिडते. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला तर कित्येक नर एकाच जागी दाटीवाटीने लहान लहान वतने मांडून बसतात आणि माद्या येऊन त्यांतून निवड करतात. या स्वयंवरात जागेचा मान मोठा. मोक्याची जागा राखून ठेवलेल्या नराकडे माद्या अधिक जातात, आणि ती राखण्याच्या नादात त्याला धड चरायलाही फुरसत होत नाही. काही आठवड्यांत तो खंगतो, जागा सोडतो आणि बिनवतनी नरांच्या टोळक्यात जाऊन मुकाट्याने गवत खाऊ लागतो.

मादीचा संसार शांत. सुमारे सहा महिन्यांनी एक पाडस होते. ते जन्मल्यावर थोड्याच वेळात उभे राहते, पण पहिले काही दिवस त्याला पळण्यापेक्षा लपणे जास्त उपयोगी पडते. आई त्याला गवतात ठेवून दूर चरायला जाते आणि पाजायला तेवढी परत येते. ती जवळ राहिली तर लांडग्याला पाडसाचा ठावठिकाणा कळेल. शेतकऱ्याला बांधावर असे एकटे पाडस सापडते, तो कळवळून ते घरी आणतो आणि भुकेजलेली आई संध्याकाळी रिकाम्या जागेवर येऊन उभी राहते. हे महाराष्ट्रातही घडते, हरियाणातही. वन खात्याचे लोक म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगतात, की धडधाकट पाडस दिसले तर हात लावू नये, कुत्री हाकलावीत आणि आपण दूर व्हावे.

बाबराची नोंद

पानिपतच्या पहिल्या लढाईत, १५२६ साली, इब्राहिम लोदीला हरवून बाबर दिल्ली-आग्र्याचा धनी झाला. तो रणांगणावर जितका तरबेज, तितकाच वहीत टिपणे ठेवण्यातही. विजयानंतर त्याने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या पशुपक्ष्यांचे वर्णन लिहिले, त्यात काळवीट आहे. काळी पाठ, पांढरे पोट, लांब वाकडी शिंगे आणि फिक्या रंगाची मादी, असे नेमके वर्णन करून तो सांगतो, की येथले लोक याच प्राण्याकरवी दुसरी हरणे पकडतात. पाळलेल्या नराच्या शिंगांना जाळ्याचा फास बांधायचा, तो लांब पळू नये म्हणून पायाला चेंडूएवढा दगड लटकवायचा आणि जंगली कळपासमोर सोडायचा. रानातला नर आव्हान समजून धावून येतो, शिंगे भिडतात, आणि पाहुण्याची शिंगे यजमानाच्या जाळ्यात अडकतात. ज्या तोऱ्याने माळावर त्याला मान मिळतो, तोच येथे त्याच्या गळ्याशी येतो.

बाबराच्या वंशजांना या प्राण्याचा नाद लागला तो लागलाच. अकबराने शिकारीसाठी चित्ते पाळले. जहांगीर दिल्लीजवळ पालमच्या रानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करी. आज त्या पालमला विमाने उतरतात. याच जहांगिराचे मनसराज नावाचे एक लाडके हरीण होते. ते मेले तेव्हा त्याने लाहोरजवळ त्याची कबर बांधली, शेजारी मनोरा उभारला आणि त्या परिसरात हरणांची शिकार करायला बंदी घातली. पाकिस्तानातल्या शेखूपुऱ्याचा हिरन मिनार तो हाच. एका हरणासाठी मनोरा आणि बाकीच्यांसाठी चित्ता, असा हा बादशाही न्याय.

चित्त्याकडून शिकारीचा शौक पुढे संस्थानिकांकडे आला. मराठी माणसाला त्याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. कोल्हापूर दरबारात चित्ते होते आणि त्यांना वागवणारे चित्तेवान होते. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची. पुढचा सगळा खेळ एका मिनिटाच्या आत संपायचा. विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले. १९४७ साली कोरिया संस्थानाच्या राजाने तीन चित्ते मारले, ते देशातले अखेरचे चित्ते मानले जातात. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ला, नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात उतरले.

कृष्णसाराची भूमी

बाबराच्याही फार आधीपासून हा प्राणी या भूमीच्या खुणेचा दगड आहे. संस्कृतात त्याला कृष्णसार म्हणतात. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंत ज्याच्या मागे रथ पिटाळतो आणि तपस्वी ज्याला मारू नको म्हणून आडवे येतात, तो कृष्णसारच. याज्ञवल्क्यस्मृतीने तर ज्या देशात काळे हरीण वावरते तोच धर्माचरणाला योग्य देश, अशी खूण सांगून ठेवली. मराठी घरातल्या मुंजीत बटूच्या जानव्याला कातड्याचा एक छोटा तुकडा बांधीत, तो याच हरणाच्या कातड्याचा, कृष्णाजिनाचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याच्या कातड्याचा, शिंगांचा व्यवहार गुन्हा ठरला, आणि ते योग्यच झाले. काळविटाला या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीत स्थान आहे.

मग स्मृतीची ती कसोटी आजच्या पानिपतला लावली तर काय दिसते? पानिपत आणि कुरुक्षेत्राच्या पट्ट्यात काळवीट आता शेतातून मोकळे फिरताना पाहण्याची आशा धरू नये. दिसलीच तर नीलगाय दिसेल. ती दांडगी आहे, पीक खाऊन, झुडपांत लपून कशीही निभावते. काळविटाला ते जमत नाही.

ते कसे गेले, याला एकच कारण नाही. इंग्रजांच्या काळात बंदुका आल्या, स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या आणि रात्रीचे दिवे आले. डोळे दिपले, की वेग कामाचा राहत नाही. पण बंदुकीपेक्षा नांगराने जास्त काम केले. यमुनेचा पश्चिम कालवा जुना, त्याचा इतिहास तुघलकांच्या काळापर्यंत जातो. १९६०च्या दशकात हरितक्रांती आली, कूपनलिका आल्या, आणि पडीक म्हणून सोडलेली गायराने, माळ, बीड हे सारे गहू-भाताखाली आले. देशाची भूक त्या धान्याने भागली, हे विसरून चालणार नाही. पानिपत-कर्नालच्या शेतकऱ्याने काही चूक केली असे कोणी म्हणू शकत नाही. फक्त सरकारी कागदांत ज्याला 'पडीक' म्हणतात ते कोणाचे तरी भरले घर असते, हे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही. वाघासाठी जंगल राखायला हवे, हे लोकांना पटते. गवताळ माळासाठी असे कोणी बोलत नाही, कारण त्यावर झाडे नसतात आणि फोटोही चांगला येत नाही.

सीमेपलीकडे तर काळवीट रानातून पार संपले. त्यानंतरची हकीकत गमतीची आहे. अमेरिकेत टेक्सासच्या शिकारी कुरणांवर १९३०च्या दशकात भारतीय उपखंडातली काळविटे नेऊन सोडली होती. तेथे ती बेसुमार वाढली. १९७० साली त्यांतली दहा पाकिस्तानात, बहावलपूरजवळच्या लाल सुहानरा उद्यानात आणली गेली. म्हणजे सिंधूच्या काठचे हरीण अमेरिकेच्या वाटेने माहेरी आले, आणि तेही कुंपणात.

पानिपतला आलेल्यांना काळवीट पाहायचेच असेल, तर याच महामार्गाने उत्तरेला कर्नालच्या पुढे जावे. कुरुक्षेत्राचा फाटा फुटतो तेथे पिपली आहे. तेथील छोट्या प्राणिसंग्रहालयाला जोडून काळवीट पैदास केंद्र आहे. मुलांना नर-मादीतला फरक, शिंगांचा पीळ, डोळ्याभोवतीचे पांढरे कडे जवळून दाखवायला जागा उत्तम. दौड मात्र तेथे दिसणार नाही.

मोकळे काळवीट पाहायला पश्चिमेला, हिसार ओलांडून फतेहाबाद जिल्ह्यात जावे लागते. तेथे बिश्नोईंची गावे आहेत. १४८५ साली गुरू जांभोजींनी मारवाडात घालून दिलेले एकोणतीस नियम हे लोक पाळतात. बीस आणि नऊ, म्हणून बिश्नोई. हिरवे झाड तोडू नये आणि जीव मारू नये, हे त्यांतलेच. शेतात काळवीट चरले तर बिश्नोई शेतकरी काठी उचलत नाही. आई मेलेल्या पाडसाला अंगावर पाजणाऱ्या बिश्नोई बायकांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली आहेत. ती दाखवण्यापुरती नसतात. हा प्राणी हरियाणात उघड्यावर टिकला तो मुख्यतः या लोकांमुळे. सरकारी अभयारण्याची पाटी नसलेल्या, खाजगी मालकीच्या शेतांत तो टिकला, हे विशेष. पंजाबमध्ये अबोहरलाही तेच. तेथे तेरा बिश्नोई गावांची शेतेच अभयारण्य म्हणून जाहीर झालेली आहेत.

पण श्रद्धेलाही हल्ली न पेलणाऱ्या गोष्टी आल्या आहेत. नीलगाय आणि मोकाट गुरांपासून पीक वाचवायला शेतांना काटेरी, पातीदार तारा लागल्या. धावणे हाच ज्याचा बचाव, त्याच्यापुढे तार आली की तो तिच्यावर आदळतो आणि जखमी होतो. मागे लागलेल्या भटक्या कुत्र्यांना मग फार कष्ट पडत नाहीत. लांडगा माळावरून गेला आणि गावची कुत्री आली. त्यांची संख्या माळ ठरवत नाही, गावचा उकिरडा ठरवतो. फतेहाबादजवळ बडोपलला गोरखपूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या वसाहतीसाठी जी जमीन घेतली गेली ती काळविटांच्या वावराची होती, आणि त्यावरून बिश्नोईंनी बरीच वर्षे आवाज उठवला. वीज हवी, घरे हवीत, पिकाला कुंपण हवे. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे. तारेच्या दोन खांबांमधून काळविटाला जाण्यापुरती वाट ठेवा, पातीदार तार काढा, कुत्र्यांचा बंदोबस्त करा, एवढेच मागणे तेथील प्राणिमित्र करीत आले आहेत.

पाहायला जायचे तर नोव्हेंबर ते मार्च हे महिने चांगले. धुके विरळ झाले, की सकाळच्या उन्हात कळप मोहरी-गव्हाच्या बांधावर येतात. वाहन रस्त्यावरच थांबवावे, खाली उतरून पाठलाग करू नये. गावातल्या कोणाला तरी विचारून, सोबत घेऊन जावे. परक्या गाडीकडे तेथे संशयाने पाहतात, आणि त्याला तशीच कारणे आहेत. एकदा माणूस आपलासा वाटला, की चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

आणि इतक्या लांबचा प्रवास नको असेल, तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी आहे. १९८० सालचे हे काळवीट अभयारण्य अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरचे, म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या मोठ्या वसाहतीएवढे. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळला त्याहून मोठे आहे. सिद्धटेकचा गणपतीही कर्जत तालुक्यातच असल्यामुळे अष्टविनायकाच्या यात्रेत रेहेकुरी सहज जोडून घेता येते. काळविटे अभयारण्याच्या हद्दीत मावत नाहीत, आसपासच्या ज्वारीत, हरभऱ्यात उतरतात, आणि शेतकऱ्याला वन खात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करावा लागतो. थंडीच्या दिवसांत, उन्हे कलली की हद्दीवरच्या बाभळींच्या आडून एकेक मादी बाहेर येते, कान टवकारून रस्त्याकडे पाहते आणि मोटारसायकल निघून गेल्यावर पलीकडच्या रानात उतरते. तिच्यामागे कळप उतरतो, आणि सगळ्यांत शेवटी, नाक वर करून, नर.